पुरेशी अश्वशक्ती म्हणजे किती? : छोट्या होडीच्या मोटरीचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव जाहीर झालं तेव्हा काही जुन्या मित्रांनी फोन केले. "सर, तुमचा जन्म गेला तत्त्वज्ञान शिकवण्यात, आता होडीची मोटर कुठून काढलीत?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, एका उन्हाळ्यात मी लेकीकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहायला गेलो होतो आणि एका तळ्याच्या मध्यावर माझ्या पायाशी घोटाभर पाणी आलं. तिथून हा अभ्यास सुरू झाला. ती हकीकत सांगतोच, पण आधी थोडा इतिहास.

आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या पोटात न बसवता तिच्या मागच्या सपाट फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन. वर इंजिन, खाली दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. अख्खी मोटर वळवली की होडी वळते, त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रुवे नावाच्या संशोधकाने १८८१ मध्ये सीन नदीवर अशी काढता-घालता येणारी मोटर चालवून दाखवली, आणि ती होती विजेवर चालणारी! आज आपण विजेच्या होड्यांचं कौतुक करतो, पण त्यांचा पूर्वज पेट्रोलच्या मोटरीच्याही आधीचा आहे. पुढे अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमाराला पेट्रोलवर चालणारी मोटर बनवली आणि 'आउटबोर्ड मोटर' हे नावही रुळवलं.

पण ती घरोघरी नेली ओले एव्हिनरूड यांनी. हा माणूस नॉर्वेत १८७७ साली जन्मला आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर विस्कॉन्सिनला आला. मिलवॉकीत त्यांचा यंत्रांचा कारखाना होता. गोष्ट अशी सांगितली जाते की, १९०६ च्या उन्हाळ्यात ओकाची तळ्यावर सहलीला गेले असताना बेस नावाच्या मुलीला आइसक्रीम खावंसं वाटलं. ओले वल्हवत पलीकडच्या काठावर गेले, आइसक्रीम घेतलं, आणि परत येईपर्यंत ते वितळून गेलं. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. गोष्टीला पुढे किती मीठमसाला लागला असेल तो असो. इतकं नक्की की १९०९ मध्ये त्यांची मोटर बाजारात आली. शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. धंद्याचा पत्रव्यवहार आणि जाहिराती बेसबाई सांभाळत. वल्ही आता फेकून द्या, असा त्यांच्या प्रसिद्ध जाहिरातीचा आशय होता. हे वाक्य लक्षात ठेवा, वल्ह्यांकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. दीड अश्वशक्ती! आज आपल्या साध्या स्कूटरची शक्तीही याच्या कितीतरी पट असते. तरी त्या काळच्या लोकांना ती पुरली. का पुरली? कारण त्यांचा प्रश्न होता 'वल्हवण्याऐवजी काय?' आणि वल्हवणाऱ्या माणसाच्या तुलनेत दीड अश्वशक्ती भरपूरच होती.

मग ती अपुरी कधी झाली? १९१४ मध्ये बेसबाईंच्या प्रकृतीमुळे एव्हिनरूड यांनी आपला वाटा विकला. काही वर्षांनी परतले ते अल्युमिनियमची, दोन सिलिंडरची, ५० पौंडांच्या आतली आणि तीन अश्वशक्तीची नवी मोटर घेऊन. वजन कमी, शक्ती दुप्पट. त्याच सुमाराला इंडियानातले जॉन्सन बंधू ३५ पौंडांची मोटर घेऊन उतरले आणि १९२६ मध्ये त्यांनी सहा अश्वशक्तीची मोटर आणली. या मोटरीने हलकी होडी पाण्यातून नुसती ढकलली नाही, तर पाण्याच्या वर उचलून पळवली. इथे सगळं बदललं. कसं, ते समजायला थोडं विज्ञान हवं. घाबरू नका, फळ्यावर दोनच आकडे लिहितो.

इंग्लंडमधले विल्यम फ्राऊड यांनी १८७० च्या दशकात टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांची छोटी प्रतिरूपं ओढून पाहिली. होडी पुढे जाते तेव्हा ती स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की लाटेची लांबी वाढते. लाट होडीइतकी लांब झाली की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खोलगटात अडकते, मग कितीही जोर लावा, वेग फारसा वाढत नाही. त्याचा ढोबळ हिशेब असा: पाण्यातल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घ्या, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. १४ फुटांची होडी धरा. वर्गमूळ ३.७४, वेग पाच नॉट, म्हणजे ताशी साधारण नऊ किलोमीटर. एवढ्या वेगाला तीन-चार अश्वशक्ती पुरते.

यापुढे जायचं तर होडीला आपल्याच लाटेच्या डोंगरावर चढून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरत जावं लागतं. त्याला एकदम खूप जास्त शक्ती लागते. म्हणजे मोटरीचा आकार हा जिन्याच्या पायऱ्यांसारखा थोडा-थोडा वाढणारा प्रश्न नाही. इथे दोन मजले आहेत, खालचा आणि वरचा, आणि मध्ये राहायला जागा नाही. मधली मोटर घेतली की नाळ आभाळाकडे, मागची बाजू पाण्यात, पेट्रोल भरपूर जळतं आणि होडी तिथेच. म्हणून पहिला प्रश्न 'किती अश्वशक्ती' हा नसून 'कोणत्या मजल्यावर राहायचं' हा आहे. तळ्यावर गळ टाकून बसायचं असेल तर खालचा मजला उत्तम.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मध्यमवर्गाकडे गाडी आली, सुट्टी आली, आणि गाडीमागे ओढून न्यायची होडीही आली. १९५० चं दशक संपता संपता पन्नास-साठ अश्वशक्तीच्या मोटरी मिळू लागल्या. पुढे शंभर झाली. २०२१ मध्ये मर्क्युरी कंपनीने ६०० अश्वशक्तीची मोटर बाजारात आणली. दीडपासून सहाशे, म्हणजे चारशे पट! गंमत अशी की 'अश्वशक्ती' ही व्याख्याच मुळी विक्रीच्या गरजेतून आलेली आहे. जेम्स वॉट यांना आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं हे गिऱ्हाइकाला पटवायचं होतं. म्हणून त्यांनी मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हे माप ठरवलं, आजचे ७४६ वॅट. पहिल्या दिवसापासून हा आकडा गिऱ्हाइकाच्या मनाशी बोलत आलेला आहे.

शक्ती वाढली, पण होड्या तेवढ्याच राहिल्या. चौदा-पंधरा फुटांच्या, मागची फळी बुटकी, आणि तिच्यावर दुप्पट वजनाचं मशीन. अपघात वाढले. शेवटी १९७१ मध्ये अमेरिकन संसदेने होडी-सुरक्षेचा कायदा केला. त्यानुसार ३१ ऑक्टोबर १९७२ नंतर बनलेल्या, वीस फुटांपेक्षा लहान असलेल्या बहुतेक मोटर-होड्यांवर एक पाटी सक्तीची झाली: किती माणसं, किती वजन, जास्तीत जास्त किती अश्वशक्ती.

हा शेवटचा आकडा कसा काढतात ते पाहण्यासारखं आहे. होडीची लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. चौदा गुणिले पाच, सत्तर. आता चाकाचं स्टिअरिंग असेल आणि मागची फळी वीस इंच उंच असेल तर सत्तरची दुप्पट, वजा नव्वद: पन्नास अश्वशक्ती. मोटरीचा दांडा हातात धरून चालवायची असेल किंवा फळी बुटकी असेल, तर सत्तरला ०.८ ने गुणा, वजा पंचवीस: एकतीस. पाचाच्या पटीत वर नेण्याची मुभा आहे, म्हणून पस्तीस. आणि तशाच होडीचा तळ सपाट, कडा टोकदार असेल तर सत्तरचा निम्मा, वजा पंधरा: फक्त वीस. लांबी तीच, रुंदी तीच, उत्तरं तीन. पन्नास, पस्तीस आणि वीस.

आता माझी हकीकत. माझ्या जावयांनी जुनी अल्युमिनियमची होडी विकत घेतली. चौदा फूट लांब, मागे पाच फूट रुंद, फळी पंधरा इंचाची. पाटीवर आकडा पस्तीस. पण आधीच्या मालकाने चाक बसवून मागे पन्नासची जुनी मोटर लटकवलेली. मी पाटी वाचली आणि विचारलं. जावई म्हणाले, "बाबा, त्याने दहा वर्षं अशीच चालवली. आता चाक आहे ना, मग पन्नास चालते." मी गप्प बसलो. चाकाबरोबर फळीची उंचीही लागते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण पाटी मला वाचता येत होती, आणि मी गप्प बसलो हे खरं.

होडीत आम्ही चौघं. लेक, जावई, मी आणि आठ वर्षांची नात. होडी सुसाट निघाली. नात ओरडत होती, "आजोबा, अजून जोरात!" तेवढ्यात समोर पाण्यात एक ओंडका दिसला आणि जावयांनी वेग एकदम शून्यावर आणला. होडी वरच्या मजल्यावरून खाली बसली. मागे दोनशे पौंडांच्या आसपासचं मशीन, त्याने फळी आधीच दाबलेली. आमचीच लाट मागून आली आणि त्या पंधरा इंचांवरून सरळ आत. एक लाट, मग दुसरी. मोटर बंद पडली. सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट होती, तळं शांत होतं, म्हणून मी आज इथे उभा आहे. डब्याने पाणी उपसलं. नात रडली नाही, पण काठापर्यंत तिने माझी बाही सोडली नाही.

त्या रात्री जावई आणि मी कागद घेऊन बसलो. होडी २२० पौंड, माणसं ५००, मोटर ११०, पेट्रोल आणि सामान ७०. एकूण नऊशे. जाणकारांचा अडाखा असा की, एका अश्वशक्तीमागे चाळीस पौंडांपेक्षा जास्त वजन झालं की अशी होडी वरच्या मजल्यावर जायला कुरकुरते. नऊशे भागिले चाळीस, साडेबावीस. म्हणजे वीस थोडी कमी पडते, पंचवीस पुरते, आणि पस्तीस ही पाटीची हद्द आहे. पंचवीसची घेतली. पाटी 'कमाल' सांगते, 'योग्य' सांगत नाही, आणि आपण सवयीने कमाल म्हणजेच योग्य धरतो. उलट बाजूही आहे. वारा उलटा फिरला आणि चार माणसं घेऊन दोन अश्वशक्तीवर काठ गाठायचा असेल, तर फार छोटी मोटरही घातच करते.

ॲरिस्टॉटलने मध्यममार्ग सांगताना मायलो पहिलवानाचं उदाहरण दिलं आहे. दहा मापं अन्न जास्त आणि दोन मापं कमी असली, तरी प्रत्येकाला सहा वाढा असं होत नाही. मायलोला सहा कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. मध्य हा आकड्यांमधला नसून माणसाच्या संदर्भातला असतो. चाळीस वर्षं मी हे वर्गात शिकवलं. फळीवरून पाणी आत आलं तेव्हा ते मला नीट कळलं.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. केरळात १९८० च्या दशकात पारंपरिक होड्यांना आउटबोर्ड मोटरी लागल्या. सुरुवात सात-आठ अश्वशक्तीपासून झाली. मग शेजाऱ्याच्या आधी मासळीपर्यंत पोचायचं म्हणून पंचवीस, चाळीस, आणि एकेका होडीला दोन-दोन, तीन-तीन. समुद्रात मासळी तेवढीच राहिली, इंधनाचा आणि कर्जाचा खर्च मात्र वाढला. आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात छोट्या फायबर होड्यांवर अजून आठ किंवा ९.९ ची मशीन दिसते. हा ९.९ विचित्र आकडाही अमेरिकेतल्या तळ्यांशी जुळणारा आहे. तिथे अनेक तळ्यांवर दहा अश्वशक्तीची मर्यादा असते, तिच्या जरा आत राहायचं.

एक शेवटचा मुद्दा, तो नागरिक म्हणून. पाटीचा तो केंद्रीय कायदा होडी बनवणाऱ्याला बांधतो. मालकाने पाटीपेक्षा मोठी मोटर लावली तर गुन्हा आहे की नाही, हे त्या-त्या राज्यावर अवलंबून असतं. म्हणजे विकत घेतल्यानंतर तो आकडा पाळायचा की नाही, हे पुष्कळदा आपल्यावरच येऊन पडतं. उद्या तुमच्यापैकी कुणी होडी घेतलीच, तर आधी होडीत रोज कोण बसणार ते लिहा, मग पाटी वाचा, मग मागच्या फळीला टेप लावा, आणि दुकानात सगळ्यात शेवटी जा. घरातल्या कुणी पाटी वाचून शंका काढली तर त्याला गप्प बसू देऊ नका.

आणि हो, वल्ही. त्या दिवशी आम्ही काठाला लागलो ते वल्ह्यांनी. जावई डावीकडे, मी उजवीकडे, अर्धा तास. आधीच्या मालकाने होडीवर नको ते पुष्कळ केलं होतं, पण बेसबाईंची जाहिरात मात्र त्याने मनावर घेतली नव्हती.