पिंटोची टाकी

फोर्डच्या पिंटोची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास सांगतात. कंपनीने हिशेब मांडला, माणूस जळून मेला तर 2 लाख डॉलर, गाडी सुधारायची तर 11 डॉलर. बेरीज पाहिली आणि माणसं जळू दिली. हिशेबाचा तो कागद खरा आहे. एका बाजूला फायदा 4 कोटी 95 लाख डॉलर, दुसरीकडे सुधारणेचा खर्च 13 कोटी 70 लाख. पण तो सरकारच्या एका प्रस्तावित नियमाला विरोध करण्यासाठी केलेला होता. हिशेब होता गाडी उलटल्यावर पेट्रोल गळण्याचा, तोही पिंटोपुरता नाही, अमेरिकेतल्या सगळ्या कंपन्यांच्या मिळून सव्वा कोटी गाड्यांचा. आणि 2 लाखांचा आकडा सरकारी खात्यानेच काढलेला.

माझं उभं आयुष्य भोसरीतल्या टूल रूममध्ये गेलं. पिंटोबद्दल वाचताना माझी नजर त्या कागदाआधी डायवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यावर जाते.

फोक्सवॅगन आणि जपानी छोट्या गाड्या बाजार खात होत्या, म्हणून फोर्डमधले बडे साहेब ली आयाकोका यांनी हट्ट धरला: वजन 2000 पौंडांच्या आत, किंमत 2000 डॉलरच्या आत. सप्टेंबर 1970 मध्ये गाडी बाजारात आली. एरवी नव्या गाडीला साडेतीन वर्षं लागत. ही दोन वर्षांच्या आसपास उरकली, असं मार्क डाउई या पत्रकाराने 1977 मध्ये लिहिलं. डिझाइन चालू असतानाच डाय बनायला लागले, म्हणून वेळ वाचला.

याचा अर्थ डायवाल्याला विचारा. बिडाचं ओतकाम मशीनवर कोरायचं, ब्लू लावून स्पॉटिंग करायचं, ट्राय-आउटमध्ये पत्रा कुठे फाटतो, कुठे सुरकुततो ते पाहून हाताने घासत बसायचं. त्यानंतर कोणी नवं ड्रॉइंग आणलं, की वेल्ड भरा आणि पुन्हा कोरा. खर्च जातो तो जातोच, तारीखही जाते. मग साहेब लोकांचं ठरलेलं वाक्य येतं, ‘आता चालवून घ्या.’ मी ते अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ऐकताना पोटात गोळा आलाय.

पिंटोची पेट्रोल टाकी मागच्या आसाच्या मागे होती. बंपरपासून आसापर्यंत चुरगळायला जागा अवघी 9-10 इंच. पुढे डिफरन्शियलच्या घराच्या बोल्टांची डोकी टाकीकडे तोंड करून उभी. ताशी 21 मैल वेगाने भिंतीवर मागून आपटलेल्या गाडीत पेट्रोल भरायची नळी टाकीतून उपटून आली आणि एका बोल्टने टाकीला भोक पाडलं. टाकीच्या आत रबरी पिशवी बसवलेल्या गाड्या त्याच वेगाच्या चाचणीत टिकल्या.

टाकी आसाच्या वर न्यायची तर फ्लोअरचा पत्रा बदलतो, डिकी बदलते, म्हणजे डाय बदलतात. इथवर मी फोर्डच्या माणसांची अडचण समजू शकतो. त्या काळच्या इतरही छोट्या गाड्यांची टाकी मागेच असे. पण कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात गाडीमागे उपायांची किंमत पुढे आली. बोल्टांची डोकी न उरणारा गुळगुळीत आस, 2.10 डॉलर. टाकी आणि डिफरन्शियलमध्ये ढाल, 2.35 डॉलर. यासाठी फ्लोअरच्या डायला हातसुद्धा लावायचा नव्हता.

तो खटला 1972 मधल्या अपघाताचा होता. फ्रीवेवर बंद पडलेल्या पिंटोला मागून धडक बसली, चालवणारी बाई दगावली, 13 वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. 1978 मध्ये ज्युरीने फोर्डला साडेबारा कोटी डॉलरचा दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तो 35 लाखांवर आणला.

त्याच वर्षी जूनमध्ये फोर्डने सुमारे 15 लाख गाड्या परत बोलावल्या. काय बसवलं? नळी लांब केली आणि टाकीपुढे प्लास्टिकची ढाल लावली. ऑगस्टमध्ये इंडियानात तीन मुली पिंटोत जळून गेल्या. कंपनीवरच बेदरकार मनुष्यवधाचा खटला उभा राहिला आणि 1980 मध्ये ज्युरीने फोर्डला निर्दोष सोडलं. ज्युरीपुढे कायदा होता, त्यांनी तो पाहिला. ती ढाल इतकी वर्षं का बसली नाही, हे मी मात्र फोर्डला विचारतच राहणार.