वुहान विद्यापीठातली चेरी: आधी कब्ज्याची, मग भेटीची

वुहान म्हटलं की आपल्याला एकच आठवतं, कोरोना. चीनमध्ये मात्र हे शहर मार्चमधल्या चेरीच्या बहरासाठीही ओळखलं जातं. बहर बघायला लोक जातात वुहान विद्यापीठात. ही झाडं तिथं आली कशी, ती गोष्ट फुलांइतकी नाजूक नाही.

ऑक्टोबर १९३८ मध्ये जपानी सैन्याने वुहान घेतलं. (आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच्या काही आठवडे आधीच भारतीय वैद्यकीय पथकासोबत या शहरात पोचले होते.) विद्यापीठ तोवर सिच्वान प्रांतात हललं होतं. रिकाम्या आवारात जपान्यांनी तळ ठोकला आणि १९३९ मध्ये वसतिगृहासमोर चेरीची २८ झाडं लावली. जखमी सैनिकांना घरची आठवण म्हणून, असं सांगतात. पण दुसऱ्याचं घर बळकावून त्याच्या अंगणात आपलं झाड लावायचं म्हणजे काय, हे कळायला पदवी लागत नाही.

युद्ध संपलं, झाडं राहिली. या कलमी चेरीचं आयुष्य तसं कमीच. मूळची झाडं वठली. आयती सुटका होती खरं तर! तरी विद्यापीठाने त्याच जागी पुन्हा चेरीच लावली.

मग आलं १९७२. चीन-जपान संबंध पुन्हा जुळले, जपानचे पंतप्रधान तानाका यांनी चौ एन-लाय यांना चेरीची रोपं भेट दिली. त्यातली ५० पुढच्या वर्षी या विद्यापीठात लागली. स्वतः चौ १९३८ मध्ये याच टेकडीवर राहिलेले. १९९२ मध्ये, संबंधांना २० वर्षं झाली म्हणून, जपानहून आणखी सुमारे २०० रोपं आली.

म्हणजे एकाच आवारात कब्ज्याची आठवण आणि मैत्रीची भेट. गर्दीतल्या किती जणांना यातला फरक माहीत असेल? वाद अजून मिटलेला नाही. २००९ मध्ये किमोनो घालून फोटो काढायला आलेल्या मायलेकींना विद्यार्थ्यांनी हुसकावलं. पोरांचा राग समजतो, पण त्या दोघींचा काय दोष? माझं मत विचाराल तर झाड तोडू नये, आणि ते कुणी लावलं हे लपवूही नये.

२०२० च्या मार्चमध्ये वुहान बंद होतं. झाडं फुलली, खाली माणूस नाही. लोकांनी बहर मोबाईलवर थेट पाहिला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने साथीत राबलेल्या डॉक्टर-नर्सना खास बोलावलं, फुलं बघायला.