कुवेतला निघालात? मग कागदांचा हा इतिहास वाचून जा

कुवेतची नोकरी नक्की झाली, की पहिला प्रश्न असतो, "काय काय लागतं?" उत्तरादाखल एखादा अनुभवी माणूस यादी पाठवतो : पासपोर्ट, व्हिसा, मेडिकल, पोलीस दाखला, अटेस्टेशन. यादी बरोबरच असते. पण त्यातला एकेक कागद कुठून आला हे माहीत असलं, तर कुठला जिवापाड जपायचा आणि कुठला नुसता फाईलला लावायचा, हे तुम्हाला कळेल. म्हणून यादीच्या आधी थोडा इतिहास.

शंभर वर्षांपूर्वी मुंबई आणि कुवेत यांच्यातली ये-जा आजच्यापेक्षा सोपी होती, आणि जास्त करून ती उलट्या दिशेने होती. कुवेतची गलबतं बसऱ्याचा खजूर भरून मुंबईला आणि मलबारला यायची. परतताना साग, तांदूळ, मसाले न्यायची. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती, त्यामुळे कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या आपल्याकडे होत्या. १८९९ साली शेख मुबारक यांनी ब्रिटिशांशी करार केला आणि कुवेत त्यांच्या संरक्षणाखाली गेलं. आखाताचा ब्रिटिश कारभार तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होता. कुवेतमध्ये रुपया चालायचा, आणि १९२३ पासून 'कुवेत' असं छापलेली हिंदुस्थानी तिकिटं पत्रांवर लागायची. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, कारण सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपया बाहेर चालला होता. १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला तेव्हा एका दिनाराला सव्वातेरा रुपयांहून थोडे जास्त पडत. आज तुम्ही मोबाइलवर दिनाराचा भाव बघता, तेव्हा हा आकडा जरूर आठवा.

१९३८ मध्ये बुर्गानला तेल लागलं, युद्धानंतर १९४६ मध्ये त्याची निर्यात सुरू झाली, आणि माणसांचा ओघ उलटा फिरला. कारकून, सुतार, फिटर, स्वयंपाकी मुंबई बंदरातून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटीने निघायचे. गोव्यातले होते, रत्नागिरी-कुलाब्यातले कोकणी मुसलमान होते, पुढे सगळ्याच जातीधर्मांचे झाले. याच मार्गावरच्या 'दारा' बोटीवर ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसं गेली. त्या मार्गावरची शेवटची बोट 'द्वारका' १९८२ पर्यंत चालली. तिच्या डेकवर ट्रंकेला टेकून झोपलेला एखादा काका-मामा कोकणातल्या पुष्कळ घरांच्या आठवणीत असेल.

एवढी परकी माणसं येऊ लागल्यावर कुवेतने १९५९ मध्ये परदेशीयांच्या निवासाचा कायदा केला. त्याचं सार असं, की परक्या माणसाने देशात राहायचं तर कुणीतरी स्थानिक त्याचा जामीन हवा. हा जामीनदार म्हणजे 'कफील', आणि ही पद्धत म्हणजे 'कफाला'. ती जुनी अरबी चालीरीत आहे असं आपण धरून चालतो. पण परक्या मजुरांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी स्थानिक मालकावर टाकण्याची सोय ब्रिटिश अमलातच रुजली, असंही काही इतिहासकार दाखवतात. मूळ कुठलंही असो, परिणाम तुमच्यावर होतो : तुमचा व्हिसा हा देशाशी जितका, तितकाच एका मालकाशी झालेला करार आहे. २०२५ च्या जानेवारीपासून १९५९ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण प्रायोजकाचं महत्त्व संपलेलं नाही.

आपल्या बाजूचा कागदही असाच घडला. १९२२ चा उत्प्रवासन कायदा मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांना डोळ्यांसमोर ठेवून केला होता. सत्तरच्या दशकात मुंबईत आखाताच्या नोकऱ्या विकणाऱ्या दलालांचं पेव फुटलं, तेव्हा तो अपुरा पडला. १९८३ च्या कायद्याने भरती करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. कमी शिकलेल्या माणसाने ठरावीक देशांत नोकरीला जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'ची मंजुरी घ्यायची, हे ठरलं. हीच ती ईसीआर भानगड. कुवेत त्या देशांच्या यादीत आहे. दहावी पास असाल तर आज ही मंजुरी लागत नाही. नसाल तर ती टाळू नका. "व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो," असं एजंट सांगतो, तेव्हा तो तुम्हाला याच संरक्षणातून बाहेर काढत असतो.

आता १९९० कडे या, कारण कागदांची खरी परीक्षा तेव्हा झाली. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तिथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. उन्हाळ्याची सुट्टी असल्याने अनेक मालक परदेशात होते, आणि कामगारांचे पासपोर्ट त्यांच्या कचेऱ्यांतल्या तिजोऱ्यांत. माणसं बसऱ्या-बगदादमार्गे वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोचली. ज्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता त्यांना दूतावासाच्या तात्पुरत्या कागदाची वाट बघावी लागली. अम्मानहून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत पाचशेच्या आसपास उड्डाणं करून एक लाखाहून जास्त लोक मुंबईत आणले. लोकांच्या खिशात दिनार होते, पण ते कुणी घेत नव्हतं.

पुढे संयुक्त राष्ट्रांचा भरपाई आयोग बसला. ज्यांना देश सोडावा लागला त्यांच्यासाठी ठरावीक रकमेचा दावा होता, आणि त्यासाठी सिद्ध काय करायचं, तर तुम्ही तिथे होतात आणि त्या काळात बाहेर पडलात, एवढंच. पासपोर्टवरचा शिक्का, राहण्याच्या परवान्याची झेरॉक्स, पगाराची चिठ्ठी. ज्याने हे घरी आईकडे ठेवलं होतं, त्याचं काम सोपं झालं.

म्हणून यादी देतो, पण या क्रमाने.

पहिलं, पासपोर्ट. तो तुमच्याजवळच राहिला पाहिजे. खासगी कंपन्यांनी कामगारांचे पासपोर्ट ठेवून घेऊ नयेत, असा आदेश कुवेतमध्ये २००७ पासून आहे; घरकामगारांसाठी २०१५ च्या कायद्यात तेच आहे. "सगळेच देतात" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

दुसरं, व्हिसावरचं कलम. कलम १८ म्हणजे खासगी कंपनी, कलम २० म्हणजे घरकाम, कलम २२ म्हणजे कुटुंब. कागद अरबीत असतो, म्हणून निघण्यापूर्वी जाणकाराकडून वाचून घ्या. दुकानातली नोकरी सांगून कलम २० चा व्हिसा हातात ठेवला असेल, तर पोचल्या दिवसापासून तुम्ही बेकायदा ठरू शकता.

तिसरं, दाखले. पदवी आणि लग्नाचा दाखला राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि कुवेतचा दूतावास अशा पायऱ्यांनी प्रमाणित होतो. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं पूर्ण नाव बदलतं, पदवीवर माहेरचं राहतं, आणि मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे नवऱ्याचं. ही गाठ इथेच, गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्राने सोडवा. तिथून सोडवायला महिने जातात.

चौथं, सामान. दारू पूर्ण बंद आहे, विमानतळावरच्या दुकानातलीसुद्धा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध नेऊ नका, विशेषतः कोडीन किंवा ट्रॅमाडॉलवालं. आणि खसखस! आखातातल्या काही देशांत ती अमली पदार्थांत मोडते. आईने अनारशांवर लावली असेल, तर ते अनारसे इथेच खाऊन निघा.

पाचवं, वागणं. १९६२ ची राज्यघटना श्रद्धेचं स्वातंत्र्य देते, पण आचरण तिथल्या रीतीला धरून हवं, असंही म्हणते. घरातल्या गणपतीला कुणी हरकत घेत नाही, मिरवणूक विसरा. बायकांना बुरखा सक्तीचा नाही, पण खांदे-गुडघे झाकलेले बरे. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर पाण्याचा घोट घेणंही १९६८ च्या कायद्याने गुन्हा आहे. शंभर दिनारांपर्यंत दंड किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.

सहावं, बाहेर पडणं. १ जुलै २०२५ पासून कलम १८ च्या कामगाराला देश सोडण्यापूर्वी मालकाच्या संमतीचा ऑनलाइन परवाना घ्यावा लागतो. म्हणजे घरी कुणी आजारी पडलं, तर तिकिटाआधी हा परवाना. नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात भारतीय दूतावासाची ताजी सूचना पुन्हा वाचा.

शेवटचं काम फुकटातलं आहे. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र आणि पुढे मिळेल त्या सिव्हिल आयडीची प्रत घरी एका माणसाकडे ठेवा. मोबाइलमध्ये ठेवाच, पण कागदावरही ठेवा. १९९० मध्ये ज्यांनी ठेवली होती, त्यांनाही ती कधी लागेल असं वाटलं नव्हतं.