कुडल (हत्तरसंग)

सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण सोलापूर तालुक्यातील, भीमा–सीना संगमावरचे गाव. लगतच्या हत्तरसंगसह ते ‘हत्तरसंग कुडल’ या जोडनावाने ओळखले जाते. सोलापूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किमी. भीमेपलीकडे कर्नाटकाचा विजयपूर जिल्हा लागतो. सिंधुदुर्गातील कुडाळ आणि कृष्णा–मलप्रभा संगमावरील, बसवेश्वरांशी निगडित कूडलसंगम (जि. बागलकोट) ही स्थळे वेगळी.

अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावणारी सीना येथे डावीकडून भीमेला मिळते. जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा. ज्वारी हे जुने पीक. नदीचे पाणी उपसता येते तेथे ऊस. उजनी धरण (१९८०) झाल्यापासून उन्हाळ्यात भीमेचे पात्र धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर भरते. भाषा मराठी व कन्नड.

गावाचे महत्त्व आहे ते संगमेश्वर मंदिराच्या तुळईवरील शके ९४० (इ. स. १०१८) च्या कोरीव लेखामुळे. सोलापूरचे लेखसंशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे त्यातील छोटे वाक्य मराठीत आहे. ज्या काळी या भागावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि राजलेखांची भाषा कन्नड वा संस्कृत असे, त्या काळचा हा नमुना आहे. श्रवणबेळगोळ येथील मराठी ओळी पूर्वी दहाव्या शतकातील, म्हणजे याहून जुन्या समजत. पण त्यांतील होयसळ सेनापती गंगराज याच्या उल्लेखामुळे निदान तो भाग बाराव्या शतकात जातो. आक्षी (जि. रायगड) येथील लेख शके ९३४ चा मानला, तर तो कुडलच्या आधीचा ठरतो, त्या वाचनावर मात्र एकमत नाही. म्हणून कुडलचा लेख ‘आद्य’ म्हणण्यापेक्षा निश्चित सनाच्या आद्य मराठी लेखांपैकी एक म्हणणे सयुक्तिक.

दुसरे, हरिहरेश्वर मंदिर मातीच्या ढिगाऱ्याखाली गेले होते. १९९९ मध्ये ढिगारा उपसताना तेथे बहुमुखी शिवलिंग सापडले. सुमारे दोन मीटर उंचीच्या या दगडावर आडव्या ओळींत ३५९ मुखे कोरलेली असून मूळ लिंग धरून संख्या ३६० होते. वर्षाच्या दिवसांशी तिचा मेळ घालण्याचा मोह होतो. त्याला कोरीव पुरावा हवा.

दोन्ही मंदिरे संगमाजवळ असून सोलापूरहून रस्त्याने जाता येते.