पानिपतचा जमाखर्च

मागच्या काही भागांत आपण लढायांबद्दल बोललो. आज लढाईबद्दलच बोलायचं आहे, पण तलवारीच्या बाजूने नाही, वहीच्या बाजूने. चोपडी, रोजकीर्द, खतावणी, हुंडी. विषय रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरा.

फौजेत कमिशन मिळाल्यावर मला वाटलं होतं, आता नकाशे आणि मोहिमा. पहिल्याच वर्षी हाती आलं ते पगाराचं रजिस्टर आणि रेशनचा हिशोब. आमचे एक जुने सुभेदार साहेब म्हणायचे, "साब, जवान गोळीला घाबरत नाही. लंगर थंड पडला तर घाबरतो." तेव्हा हसलो होतो. निवृत्तीनंतर मोडी शिकलो, जुने हिशोब वाचायला लागलो, आणि त्या वाक्याचा अर्थ नीट कळला.

आधी हे हिशोब दिसतात कसे, ते सांगतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्यांना रुमाल म्हणतात. रियासतकार सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, पण निवड ती निवडच. न छापलेलं कितीतरी अधिक आहे, आणि त्यात मोठा भाग जमाखर्चाचा. कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि बोरू फारसा न उचलता अक्षरं त्या रेघेला लटकवत जाई. रोजच्या रोज लिहायची ती रोजकीर्द. त्यातल्या नोंदी खातेवार वेगळ्या केल्या की खतावणी. 'बितपशील' म्हणून खाली तपशील, आणि शेवटी बेरीज. पूर्णांकापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण.

वर्ष लिहायचं तेही अक्षरांत, अरबी शब्दांनी. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं दिसलं की शब्द सुटे करायचे : एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे ११६१. हा सुहूर सन, मृगाला सुरू होणारा. त्यात साधारण ५९९-६०० मिळवले की इसवी सन येतो, १७६०-६१. पानिपतचं वर्ष.

आता प्रश्न असा. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ पटदूरहून उत्तरेकडे निघाले. एवढ्या फौजेला, शिवाय बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं यांना दीड हजार किलोमीटरवर पैसा पोचवायचा कसा? नाण्यांच्या थैल्या बैलांवर लादून सगळा मुलूख ओलांडणं धोक्याचं. त्यासाठी होती हुंडी. पुण्याचा सावकार आपल्या उज्जैनच्या किंवा काशीच्या आडत्यावर चिठ्ठी लिहितो : अमुक माणसाला अमुक रक्कम द्यावी. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यायचे ती मुदती. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ, अशा नकलांची सोय. या सेवेबद्दल सावकार घेई ती हुंडणावळ. प्रत्येक मुलखाचं नाणं वेगळं, म्हणून नाणं बदलताना बट्टा कापला जाई. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, तो शब्द या पेढ्यांवरचा आहे.

म्हणजे मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली, ती या कागदाच्या जोरावरही गेली. त्याची किंमतही मोजावी लागली. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या पाया पडून कपाळ झिजल्याचं दुःख आहे. रणात न हरलेला हा माणूस देण्याखाली वाकला होता. बारामतीचे बाबूजी नाईक त्यांचे सावकार. १७४० मध्ये बाजीराव वारले, तेव्हा हेच नाईक पेशवेपदाचे उमेदवार म्हणून उभे राहिले. ऋणकोच्या मुलाच्या हाती जाणारं पद धनकोने मागावं, इतकी ताकद त्या खतावणीत होती.

भाऊंच्या मोहिमेकडे परत येऊ. २ ऑगस्ट १७६० ला दिल्ली हाती आली, पण खजिना रिकामा. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडावे लागले. पुष्कळ लोक हे वाचून हळहळतात, काही रागावतात. मी जुना पगारवाटप अधिकारी म्हणून वाचतो. महालाचं छत उतरवून पगार भागवावा लागतो, तेव्हा पेढ्यांचे दरवाजे बंद होत आलेले असतात.

दुसरी आशा होती गोविंदपंत बुंदेल्यांवर. सागर हे त्यांचं ठाणं, आणि आमचं घरही सागरचंच, म्हणून या भागाकडे माझं मन जास्त ओढ घेतं. पंतांच्या हिशोबावर पुण्याचा भरवसा नव्हता. बाकी थकलेली, तगादे चालू. पण त्याच पंतांनी उतारवयात शत्रूच्या पिछाडीला जाऊन अब्दालीची रसद तोडायची कामगिरी अंगावर घेतली आणि डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. बाकी राहिली कागदावर, आणि देणारा गेला. त्यांच्या मागे भाऊंच्या छावणीचे हाल वाढत गेले.

आता ज्या प्रसंगासाठी हा सगळा भाग सांगितला, तो ऐका. जानेवारी १७६१ च्या सुरुवातीला दिल्लीहून नारो शंकरांनी स्वारांबरोबर रोख रक्कम पाठवली. रात्रीच्या अंधारात ते वाट चुकले आणि आपलीच छावणी समजून अब्दालीच्या गोटात शिरले. मराठीत बोलले, ओळखले गेले, कापले गेले. दिल्ली ते पानिपत अंतर फक्त नव्वद किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून काशीला कागदावर पैसा जात होता, आणि इथे नव्वद किलोमीटर तो माणसांच्या कमरेला बांधून न्यावा लागला. का? हुंडी वटवायला पलीकडे पेढी लागते. वेढलेल्या छावणीत पेढी कुठली? जिथे पत संपते तिथे चांदी घोड्यावर चढते, आणि घोडा रस्ता चुकू शकतो. पुढे १४ जानेवारीला जे झालं ते आपल्याला माहीत आहे.

पानिपत फक्त पैशाने हरलो, असं मी म्हणणार नाही. सुरजमल बाजूला झाला, शुजा पलीकडे गेला, उपाशी घोडी आणि उपाशी माणसं रणात उतरली. पण त्या उपासाचं कारण शोधत गेलो की वाट वहीकडेच जाते.

आणि बातमी कशी पोचली पाहा. माळव्यात असलेल्या नानासाहेबांच्या हाती सावकारी पत्र पडलं, असं ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवलं आहे. त्यात मृतांची नावं नव्हती. मोती विरघळले दोन, मोहरा इतक्या गेल्या, आणि चांदी-तांब्याचा तर हिशोबच लागत नाही, असा मजकूर. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा म्हणजे सरदार. उरलेले ते शिपाई. मी बरीच वर्षं जवानांच्या याद्यांवर सह्या केल्या. 'हिशोब लागत नाही' या भागापाशी मी दरवेळी थांबतो.

थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला मरणशय्येवर ज्या गोष्टी मागे सांगून ठेवल्या, त्यांत राज्यावरचं कर्ज फेडण्याची गोष्ट होती. अकरा वर्षं राज्य सावरणाऱ्या माणसाला शेवटी वही आठवली.

आता एक कबुली. आमच्या घरी पणजोबांच्या दुकानाच्या चोपड्यांची ट्रंक होती. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर श्री आणि हळदकुंकू. वडील गेल्यावर मी रजेवर आलो होतो, घर आवरायचं होतं, मोडी कोणालाच येत नव्हती. ट्रंकेतलं सगळं रद्दीत दिलं. वजनावर. एक चोपडी माळ्यावर राहून गेली होती, ती आता वाचता येते. त्यात छावणीतल्या शिपायांची उधारी आहे : गूळ, तेल, धोतरजोडी. काही खात्यांवर आडवी रेघ मारून लिहिलं आहे, 'परत आला नाही'. पुढे आकडा नाही. पणजोबांनी ती बाकी सोडून दिली होती. बाकीच्या चोपड्यांत अशी किती नावं होती, ते मला आता कधीच कळणार नाही.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, ग्वाल्हेरला, तंजावरला किंवा हुबळीला. घरात अशी वही असेल तर रद्दीत देऊ नका. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी सुती कापडात ठेवा, पानांचे फोटो काढा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जाणत्या संस्थेला किंवा मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. त्यात शिवाजी-बाजीराव नसतील. गूळ आणि तेल असेल. तेही चालेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.