गरोदरपणातील एचआयव्ही चाचणी : एकदा केली म्हणजे झाले काय?

मातेकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे. कोणतेही उपचार न झाल्यास बाधित मातांच्या शंभर बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी अथवा स्तनपानातून लागण होऊ शकते. वेळेवर निदान होऊन औषधे सुरू झाल्यास हे प्रमाण पाचाच्याही खाली आणता येते. मात्र ‘वेळेवर निदान’ या दोन शब्दांतच म्हसळ्यासारख्या ग्रामीण तालुक्याची खरी अडचण दडलेली आहे.

एका मात्रेपासून आजीवन उपचारांपर्यंत

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. गरोदर मातांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. त्या काळी बाधित मातेला प्रसूतीच्या वेळी आणि बाळाला जन्मानंतर नेव्हिरापिन या औषधाची एकेक मात्रा दिली जात असे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग असलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, बाळाला सहा आठवडे औषध दिल्यास त्या कालावधीतील संसर्ग कमी होतो, असे दिसून आले. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आजीवन एआरटी उपचार देण्याचे धोरण देशभर लागू झाले.

निगेटिव्ह अहवालाची मर्यादा

नेहमीची रॅपिड चाचणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. लागण झाल्यावर ती तयार होण्यास साधारण तीन ते बारा आठवडे लागतात. या ‘विंडो पिरियड’मध्ये अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो, प्रत्यक्षात मात्र याच दिवसांत रक्तातील विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक असते. गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात नव्याने लागण झाल्यास बाळाला असलेला धोका म्हणूनच अधिक असतो. त्यामुळे पहिल्या तिमाहीतील चाचणीबरोबरच, जोखीम असणाऱ्या महिलांची अखेरच्या तिमाहीत पुन्हा तपासणी आवश्यक ठरते. पूर्वी तपासणी न झालेल्या महिलेची चाचणी प्रसूतिकक्षातही करता येते.

सासर, माहेर आणि हरवणारी नोंद

रायगडच्या दक्षिण भागातील म्हसळा तालुक्यातून रोजगारासाठी मुंबईला व आखाती देशांत जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. स्थलांतर हा काही दोष नव्हे; मात्र त्यामुळे पतीची चाचणी पत्नीच्या चाचणीबरोबर होणे अवघड होते. त्यातच पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत आहे. नाव सासरच्या उपकेंद्रात नोंदवलेले, तर प्रसूती दुसऱ्याच तालुक्यात, अशा स्थितीत दुसरी चाचणी राहून जाण्याची शक्यता असते. माहेरी जाताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेणे आणि आशा कार्यकर्तीला त्याची कल्पना देणे, हा यावरील साधा उपाय आहे.

प्राथमिक तपासणी उपकेंद्रातही बोटातून रक्ताचा थेंब घेऊन करता येते. ती पॉझिटिव्ह आल्यास तेवढ्यावर निदान होत नाही. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात वेगवेगळ्या तत्त्वांवरील चाचण्यांनी त्याची खात्री केली जाते. बाधित मातेच्या बाळाची सहाव्या आठवड्यात रक्ताच्या वाळवलेल्या थेंबांवरून विशेष तपासणी होते. मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकत असल्याने अंतिम निष्कर्ष १८ महिन्यांनंतर काढला जातो.

गोपनीयतेचे कवच

छोट्या गावात आजारापेक्षा बोभाट्याची भीती मोठी असते. संमतीशिवाय चाचणी करण्यास, तसेच अहवाल उघड करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई केली असून, तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. शासकीय केंद्रांत चाचणी, समुपदेशन व एआरटी औषधे मोफत मिळतात. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावरही माहिती घेता येते. पहिला अहवाल निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत न होता गरज असल्यास दुसऱ्या चाचणीची तारीख पाळणे, हेच बाळाच्या संरक्षणाचे पहिले पाऊल ठरते.