काळी चार, पांढरी पाच

मैफलीस बसलेल्या गवयास पेटीवाला प्रथम विचारतो, ‘पट्टी कोणती?’ ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी पाच’ असे उत्तर येते आणि तंबोरे जुळू लागतात. मराठी गवयाच्या तोंडी इतकी रुळलेली ही पट्टी मूळची युरोपातील आहे; ऑर्गन व पियानो यांच्या कुळातली.

काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची ही रचना कोणा एका कारागिराने योजिलेली नाही. मध्ययुगातील ऑर्गनवर आरंभी मुख्यतः सात शुद्ध स्वरांच्याच पट्ट्या असत. पुढे गायनास विकृत स्वरांची गरज भासू लागली, तसतशा नव्या पट्ट्या जुन्यांच्या फटींतून बसविण्यात आल्या. म्हणून त्या आखूड, अरुंद व उंच. गंधार-मध्यम आणि निषाद-षड्ज यांमध्ये आधीच अर्ध्या स्वराचेच अंतर असल्याने तेथे नवी पट्टी आली नाही, आणि काळ्या पट्ट्यांची दोन व तीन अशी विभागणी झाली. जर्मनीतील हाल्बरश्टाट येथील १३६१ सालच्या ऑर्गनमध्ये सप्तकातील बाराही स्वर होते.

तथापि सूक्ष्म कानाच्या संगीतकारांचे समाधान बारांनी होईना. इटलीत काही वाद्यांच्या काळ्या पट्ट्या दुभंगून एकीचे दोन स्वर करण्यात आले. निकोला विचेंतिनो याने तर १५५५ साली एका सप्तकात तिसाहून अधिक पट्ट्या असलेल्या वाद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वर शुद्ध झाले, पण वाद्य जुळविणे व वाजविणे दुष्कर झाले. अखेरीस सप्तकाचे बारा समान भाग करण्याची तडजोड रूढ झाली. तीत षड्जाखेरीज प्रत्येक स्वर थोडाबहुत ढळलेला असतो.

इतर बाबी मात्र बदलत राहिल्या. मोझार्टच्या पियानोवर खालच्या पट्ट्या काळ्या व वरच्या पांढऱ्या होत्या. एकंदर पट्ट्या ६१. लोखंडी चौकटीमुळे तारांचा अधिक ताण पेलता येऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ८८ पट्ट्या रूढ झाल्या. १८८२ साली हंगेरीच्या पाउल यांको याने पट्ट्यांच्या सहा ओळी योजिल्या. तीवर कोणतीही पट्टी धरली तरी बोटांची चाल तीच राहते. सोय मोठी होती. परंतु जुन्या मांडणीवर बसलेले हात आणि घरोघरचे जुने पियानो यांपुढे तिचा निभाव लागला नाही.

हीच तडजोड पेटीबरोबर भारतात आली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतिपेटी सिद्ध करविली. तिचा प्रसार झाला नाही. १९४० मध्ये नभोवाणीने पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप दोन होते: बारा ठरीव स्वरांत रागाच्या श्रुती मावत नाहीत, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेता येत नाही. दोन्ही आक्षेप खरे होते. तरीही पेटी गेली नाही; गवयाने तिच्याकडून आधार तेवढा घेतला आणि श्रुती आपल्या गळ्याकडेच ठेवल्या.